झटक्यासाठी सरळ वाट

आईला पक्कं वाटत होतं की मी कुणाच्या तरी प्रेमात पडले आहे. एप्रिल महिन्यात मी जेवताना मोबाइल ताटाशेजारी ठेवत होते, मधूनच एकटी हसत होते आणि ती जवळ आली की मोबाइल पालथा घालत होते. पालथा घालणं ही माझी जुनी सवय. आत साधा हवामानाचा अंदाज असला तरी तो माझा मी पाहावा असं मला वाटतं. पण हसणं नवीन होतं.

"कोण हाय वं तो?" पोळी लाटता लाटता आईने एक दिवस विचारलंच. "दाखव तरी. आपल्यातलाच हाय ना?"

मी मोबाइल पुढे केला. फोटोत काडेपेटीपेक्षा जरा मोठा एक पांढरा डबा होता. त्याच्या कपाळावर हिरवी खिडकी होती.

आईने लाटणं खाली ठेवलं. "हे काय हाय?"

"सर्ज प्रोटेक्टर. वीज पडली की घरातल्या मशीन वाचवतो."

"मंग तू हसून काहून राहिली?"

याचं उत्तर तेव्हा मला देता आलं नाही. आज देते.

आमच्या समोरच्या खोलीत माझी कॉम्प्युटरवाली एम्ब्रॉयडरी मशीन आहे. शाळेच्या शर्टांच्या खिशावरचे बिल्ले, नाचाच्या ग्रुपची नावं आणि आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या मराठी घरांतल्या लग्नांचं रुखवत, हे सगळं ती भरते. मी डिझाइन टाकते, दोरे ओवते, कापड ताणून फ्रेममध्ये बसवते. पुढचं ती बघते. दिवसभर तिची ठकठक चालू असते आणि तिला माझ्याशी एक शब्दही बोलायचं नसतं. तिच्याआधी मी एका विमा ऑफिसात फोनवर होते. अनोळखी लोकांना फोन लावायचे आणि गोड आवाजात त्यांच्या मरणाबद्दल विचारायचं, हे काम. घंटी वाजत असताना मी मनात म्हणायचे, उचलू नका, प्लीज उचलू नका. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझा आवाज कामाचा आहे, असं तिथल्या साहेबांना वाटत होतं. मला तो आवाज माझा वाटतच नव्हता.

मशीन आल्यावर ते सगळं संपलं. मग गेल्या वर्षी उन्हाळ्यात, एका दुपारी, तलावाच्या बाजूला कुठेतरी वीज पडली. घरातले दिवे एकदा भक्कन मोठे झाले आणि मशीन एका मोराच्या मानेवर थांबली. तिच्या आतला सर्किट बोर्ड जळला होता. दुरुस्तीवाला बाहेरगावाहून येणार, बोर्ड त्याहून लांबून येणार. तोवर लग्नं माझ्यासाठी थांबली नाहीत, रुखवतं दुसरीकडे गेली.

बाबा बीरगांवच्या एका प्लांटमध्ये स्टोअर सांभाळतात. बंद पडलेल्या मशीन भंगारात कशा जातात हे ते रोज बघतात. त्यांनी मला समोर बसवलं. "हे पाह्य. अजून एकदा उडाली तर विकून टाकू. मंग तू परत ऑफिसात जाय. मी रागानं नाही बोलून राहिलो."

रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. बाबांचा राग चहाबरोबर उतरतो. हे मात्र ठरलेलं होतं.

त्यामुळे यंदा कैऱ्या बाजारात आल्या आणि मी विजांचे दिवस मोजू लागले. संध्याकाळची अंधडं, म्हणजे धुळीची वादळं, सुरू झाली की माझी नजर आभाळाकडे. बाबांनी तोवर एक मोठा स्टॅबिलायझर आणून ठेवला होता आणि ते निश्चिंत होते. मी निश्चिंत नव्हते, म्हणून वाचायला लागले. आणि वाचता वाचता मला या विषयाची इतकी मजा वाटू लागली की आईचा गैरसमज झाला.

स्टॅबिलायझर हा सभ्य गृहस्थ आहे. व्होल्टेज वर-खाली झालं की तो ऐकतो, विचार करतो, खट् असा आवाज करतो आणि सुधारणा करतो. विजेचा झटका तोवर घरभर फिरून आलेला असतो. लाल बटणाची एक्सटेंशनची लांब पट्टी थोडी मदत करते, पण ती मशीनच्या उंबऱ्यावर उभी असते. झटक्याला अडवायचं तर घराच्या फाटकाशी, म्हणजे मेन बोर्डातच, ज्याला दुकानदार डीबी म्हणतात. तिथे हा पांढरा डबा बसतो. रोज तो काहीही करत नाही. गप्प कडेला बसून सगळं बघत असतो. व्होल्टेज उसळलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत जमिनीच्या बाजूचं दार उघडतो, झटक्याला तिकडे काढून देतो आणि दार लावून पुन्हा गप्प. खिडकी हिरवी म्हणजे तो जिवंत. लाल म्हणजे इतरांसाठी झटके खाऊन संपला, आता बदला. थेट घरावरच वीज पडली तर त्याचाही इलाज नाही, पण आमच्याकडे झटके येतात ते बहुतेक खांबावरच्या तारांतून.

कडेला गप्प बसून सगळं बघणारा! मला तो फार ओळखीचा वाटला. म्हणून हसत होते.

विकत आणायला आई बरोबर आली. एकटीने गेले असते तर मी तात्यापाऱ्यातल्या विजेच्या सामानाच्या दुकानापुढून तीन-चार चकरा मारून घरी परत आले असते. दुकानाच्या काउंटरवर इलेक्ट्रिशियन लोकांची गर्दी, प्रत्येकाचा हात पुढे, प्रत्येकाला घाई. मी घरून हिंदीत वाक्य पाठ करून नेलं होतं. ते म्हटलंही, पण इतक्या हळू की बहुधा माझ्या ओढणीनेच ऐकलं.

"क्या दीदी? एक्सटेंशन?" मालकाने लाल बटणाची पट्टी काढली.

मी मान हलवली. त्याने स्टॅबिलायझर दाखवला. मी मान हलवली. त्याने एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला खटका, पुढे ठेवली. मागचे लोक आता आमच्याकडे बघायला लागले. नवीन सून बांगड्या बघते आणि एकही पसंत करत नाही, तसं काहीसं चाललं होतं.

आई पुढे सरसावली. "भैया, वो बिजली गिरती है ना, उसका वाला दो."

"आंटी, बिजली तो ऊपरवाला गिराता है. हम तो खाली पंखा-बत्ती बेचते हैं."

सगळं दुकान हसलं. आईसुद्धा हसली, आणि हसता हसता तिने मला कोपर मारलं. त्या कोपराने माझं वाक्य बाहेर पडलं, या वेळी नको तितक्या मोठ्याने. "सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस! डीबी में लगने वाला! टाइप वन प्लस टू!"

मग मालकाने माळ्यावरच्या माणसाला हाक मारली आणि वरून दोन खोकी खाली आली. दोन्हींवर धूळ. त्याने फुंकर मारली, ती धूळ आईच्या चष्म्यावर.

एक डबा दोनशे पंचाहत्तर व्होल्टचा, दुसरा तीनशे वीसचा. मालक पहिल्याचं कौतुक करायला लागला. आकडा कमी म्हणजे लवकर जागा होतो, लवकर जागा म्हणजे चांगला. ऐकायला ते खरं वाटतं आणि काही गावांत खरं असेलही. पण आमच्या गल्लीत पहाटे सगळ्यांचे कूलर बंद असले की व्होल्टेज किती चढतं हे मी स्टॅबिलायझरच्या काट्यावर रोज बघत होते. दोनशे पंचाहत्तरवाला आमच्याकडे रोज पहाटे अर्धा जागाच राहिला असता आणि तापून तापून लवकर संपला असता. मी दुसरा उचलला. त्यात आतली कांडी वेगळी निघत होती. खिडकी लाल झाली तर पूर्ण डबा नको, फक्त कांडी बदलायची. मी ती काढून पुन्हा बसवून बघितली. टक्. फार सुंदर आवाज आला. पुन्हा काढली, पुन्हा बसवली.

"अवं, तोडशील," आई म्हणाली.

मालक माझ्याकडे बघत होता. "दीदी, इंजीनियर हो?"

"नहीं. कढ़ाई करती हूँ." म्हणजे भरतकाम.

बाहेर आल्यावर आम्ही दोघी एका गाड्यावर मिर्ची भजी खात उभ्या राहिलो, तेव्हा आईला हसू फुटलं. "कढ़ाई करती हूँ म्हणे! त्याले वाटलं असन हॉटेल हाय आपलं." ठसका लागेपर्यंत हसलो. डब्याची पिशवी मी छातीशी धरली होती.

बसवायला बाबांनी त्यांच्या प्लांटमधल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. रविवार होता. हा माणूस बाबांच्याच वयाचा, भरघोस मिशा, आवाज खणखणीत, आणि प्लांटमध्ये कंट्रोल पॅनल भरण्यात त्याचं नाव होतं. रविवारी तो घरगुती कामं घेतो. आल्या आल्या त्याने आमच्या बोर्डाचं झाकण उघडलं, आत बघून "राम राम राम" म्हटलं, आणि मग पहिल्यांदा अर्थिंग कुठे आहे ते विचारलं. झटक्याला जमिनीत जायचं तर जमिनीची वाट चालू हवी. हे तर मलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते इतकंच, की आमची वाट आईच्या अळूखाली आहे.

घर बांधलं तेव्हा मागच्या अंगणात खड्डा करून, कोळसा-मीठ घालून पाइप गाडला होता. पुढे आईने तिथे अळू लावलं. मोरीचं पाणी तिकडे जातं, त्यामुळे ते अळू असं माजलंय की पाइप नावाची वस्तू तिथे आहे हे घरातले सगळे विसरले होते.

"भाभी, काटना पड़ेगा."

"पानं तोडा, कंद नका काढू," आई मराठीतच म्हणाली आणि त्याला बरोबर समजलं. पाइप सापडला. त्याने तार घासून, नट कसून घट्ट केला आणि एक जुना पिवळा बल्ब घेऊन एक टोक फेजला, एक टोक अर्थिंगला लावलं. बल्ब लखकन पेटला. पुस्तकात ही पद्धत नाही, मोजायला वेगळं मीटर असतं, आणि ते त्याने नंतर आणून मोजलंही. पण त्या क्षणी त्या बल्बाएवढं आनंदी मी काही बघितलं नव्हतं.

"मस्त अर्थिंग है. ज़मीन गीली है इसलिए."

"पाहा," आई बाबांना म्हणाली. "आणि तुम्ही म्हणता मोरीचं पाणी तिकडं सोडू नको."

मग मेन स्विच पाडून तो बोर्डाकडे वळला. मी माझ्या खोलीच्या दारात पडद्याला धरून उभी होते. तिथून सगळं दिसतं आणि आपण फारसं दिसत नाही. बाबा त्याच्या शेजारी, हात मागे बांधून, प्लांटमध्ये उभे राहतात तसे.

त्याने डबा बोर्डाच्या अगदी शेवटच्या टोकाला बसवला, कारण मोकळी जागा तिथे होती. मग तारा ओढल्या. काय त्या तारा! प्रत्येक वळण काटकोनात, सगळ्या एकमेकींना चिकटून, बोर्डाच्या कडेकडेने, शाळेच्या रांगेसारख्या. आणि शेवटी अर्थिंगची हिरवी तार. ती त्याने मुद्दाम जास्त लांब ठेवली. स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याच्या दांड्यावर ती तार शिस्तीत गुंडाळली, स्क्रूड्रायव्हर ओढून काढला. तारेची एक सुबक स्प्रिंग तयार झाली, गोल गोल, सारख्या वेढ्यांची. तिला त्याने बोटाने हलकेच टिचकी मारली. ती डुलली.

"आगे कभी काम पड़े तो तार छोटी न पड़े," तो म्हणाला.

"हात पाह्य!" बाबा म्हणाले. "प्लांटचं काम हाय हे. बाजारात असा माणूस भेटत नाही."

आई चहा घेऊन आली. तीही थांबली. "मायबाई! वेणी घातल्यावानी."

खरंच सुंदर होतं. आणि तेवढंच चूक. मी जे जे वाचलं होतं त्यात हीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिलेली होती: या डब्याच्या तारा आखूड आणि सरळ हव्यात, वळणं नकोत, वेढे तर अजिबात नकोत. झटका इतक्या घाईत असतो की लांब, गुंडाळलेल्या तारेत तो अडतो, आणि अडला की उरलेलं सगळं व्होल्टेज मशीनकडे वळतं. त्या डुलणाऱ्या स्प्रिंगसकट हा डबा म्हणजे देवळात उभा केलेला पुठ्ठ्याचा हत्ती. दिसायला हत्ती, ओढायला काही नाही.

सांगायला हवं होतं. आत्ताच, तो झाकण लावायच्या आत. पण कसं सांगणार? एका माणसाला, ज्याचं बाबा इतकं कौतुक करतायत, त्याच्या सगळ्यात सुंदर गोष्टीबद्दल, त्याच्या तोंडावर. मागे माझी मशीन उभी होती, फ्रेममध्ये एका नवरीचं अर्धं नाव. मला ऑफिसातल्या हेडफोनखाली कानाला येणारा घाम आठवला.

आणि मी मोबाइल काढून बाबांना मेसेज केला. बाबा चार हातांवर उभे होते.

त्यांच्या खिशात टुंग वाजलं. त्यांनी चष्मा चढवला, मोबाइल लांब धरला, आणि माझ्या सगळ्या आशा धुळीला मिळवत मोठ्याने वाचलं. "'बाबा. स्प्रिंग काढाले सांगा. तार छोटी आणि सरळ पाहिजे. नाही तर डबा बेकार. प्लीज माझं नाव घेऊ नका.'"

बाबांनी पडद्याकडे बघितलं. इलेक्ट्रिशियनने पडद्याकडे बघितलं. आईच्या हातातले कप किणकिणायला लागले, कारण ती हसत होती.

"नाव तर घेतलं नाही," बाबा म्हणाले.

पडदा सोडून बाहेर येण्याशिवाय माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

"भैया, तार बहुत अच्छी है," मी सुरुवात केली. "पर इसमें मोड़ नहीं चाहिए. झटका मोड़ पर रुकता है."

"बेटा," तो मिशीतून म्हणाला, "मोड़ पर करंट रुकता, तो तुम्हारी गली में इतने मोड़ हैं, पूरा मोहल्ला अँधेरे में बैठा रहता."

बाबा खो खो हसले. माझ्याही तोंडातून हसू निसटलं आणि गंमत म्हणजे हसल्यावर बोलणं सोपं झालं.

"करंट नहीं रुकता, भैया. करंट तो रोज़ आराम से घूमके आता है. ये रोज़ वाला नहीं है. ये एकदम से आता है, भागते हुए. आप सोचो, गली में बारात है तो मोड़ से निकल जाएगी. पर बैल बिदक गया तो? वो मोड़ पे मुड़ेगा? सामने वाले के घर में घुसेगा. और सामने मेरी मशीन है."

त्याने मिशीवरून हात फिरवला. त्याने बैल बघितला असावा. मी तेवढ्यात खोक्यातला कागद पुढे केला. त्यावर चित्र होतं, दोन छोट्या सरळ तारा, आणि शेजारी गुंडाळलेल्या तारेवर मोठी फुली. त्याने कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"तो डब्बा इधर मेन के बाजू में लाना पड़ेगा. दो एमसीबी उधर खिसकानी पड़ेंगी."

"हव," मी म्हटलं. 'हो' म्हणायचा हा शब्द मी कधीच बोलत नाही, तो शेजारच्यांचा आहे. कुठून आला कळलं नाही.

तरी त्याचा हात पुढे होईना. तो स्प्रिंगकडे बघत होता. ती कापायची त्याला जिवावर आली होती, आणि मला ते चांगलं कळत होतं. माझ्या मशीनवर एखादा मोर सुरेख उतरला आणि गिऱ्हाईक म्हणालं की नको, उसवा, तर माझंही असंच होतं.

कोंडी आईने फोडली. "भैया, वो काटके मेरे को दे दो. किचन में चमचे टांगूंगी."

"सच में?"

"मंग! इतकी सुंदर चीज फेकते का कोणी?"

कट् असा आवाज झाला. त्याने दोन्ही टोकं नीट सोलून, वाकवून, आकडे करून ती आईच्या हातात दिली, दागिना द्यावा तशी. मग बाह्या वर सारून त्याने दोन एमसीबी पलीकडे सरकवल्या, डबा मेन स्विचला खेटून बसवला, जाड तांब्याच्या दोन तारा वितभर वितभर कापल्या आणि ताणून सरळ लावल्या. काटकोन नाही, रांग नाही, नक्षी नाही. लांब उभं राहून त्याने एकदा बघितलं.

"गंजा, एकदम टकला लग रहा है," तो म्हणाला. मग मान तिरकी केली. "पर रास्ता साफ है. सीधा भागेगा."

मेन स्विच चढला. खिडकी हिरवी झाली. मी टाळी वाजवली. मग लक्षात आलं की सगळे माझ्याकडेच बघतायत, तरी दुसऱ्यांदा वाजवली. त्याने झाकण लावायच्या आधी मोबाइलवर फोटो काढला. प्लांटमध्ये दाखवायला, म्हणाला. दुपारी आम्ही सगळ्यांनी मिळून अळूवड्या खाल्ल्या, आणि त्याने आपल्या घरीही बांधून नेल्या.

त्यानंतर मी अधूनमधून बोर्डाचं झाकण उघडून हिरवी खिडकी बघून यायचे. आई म्हणायची, बाळंतिणीच्या खोलीत डोकावते तशी डोकावून राहिली. मी तरी जायचेच. कारण खरं सांगायचं तर मला खात्री नव्हती. अर्थिंग झालं, तारा सरळ झाल्या, डबा निवडला मी. आता मशीन उडाली तर बाबांच्या स्टॅबिलायझरवर ढकलायचीही सोय नव्हती.

मे महिन्याच्या मधल्या एका दुपारी मी पुरानी बस्तीत एका घरी रुखवताचे रुमाल द्यायला गेले होते. नवरीच्या काकूने मला बसवून पाणी दिलं, नवरीने रुमाल उलगडले, आणि बाहेर अचानक अंधारलं. धुळीचा लोट गल्लीत शिरला. मग असा कडकडाट झाला की नवरीने रुमाल टाकून माझाच हात धरला. वीज आमच्या घराच्या बाजूला पडली होती. लाइट गेले.

मशीन चालू होती. एक मोठी चादर लावून मी आईला म्हटलं होतं, दोरा तुटला तरच बंद कर.

पाऊस सुरू व्हायच्या आत मी स्कूटीवर होते. रस्ताभर मी बडबडत होते. सरळ जा, सरळ जा, वळू नकोस. हे मी स्वतःला म्हणत होते की झटक्याला, कुणास ठाऊक. माझं लक्ष वळणांवर नव्हतंच, आणि एका गाईने मला मोठ्या समजूतदारपणे वाट दिली.

घरी आई दारात उभी. "मी हात नाही लावला. आवाज झाला न मी देवघरात जाऊन बसली."

लाइट नव्हते, म्हणजे काहीच कळायला मार्ग नव्हता. मशीन काळी पडून उभी होती, सुई कापडात रुतलेली. मागच्या वर्षी अगदी अशीच उभी होती. बाहेर शेजारच्या काकांचा आवाज येत होता, त्यांच्या टीव्हीतून धूर निघाला होता. पलीकडच्या घरात इंटरनेटचा डबा गेला होता.

तेवढ्यात बाबांचा फोन. आईने स्पीकरवर लावला.

"मशीन कशी हाय?"

"मी बरी हाय," आई म्हणाली.

"हो, हो. मशीन?"

"आधी बायकोचं विचारा, मंग मशीनचं. लाइट नाही. कळून नाही राहिलं."

बाबांनी फोन ठेवला नाही. आम्ही तिघंही फोनच्या दोन्ही बाजूंना बसून राहिलो. त्यांच्या मागे प्लांटचा घर्रघर्र आवाज येत होता, आमच्या मागे पन्हळीचं पाणी.

लाइट आले. पंखा फिरला, फ्रिज गुरगुरला. मी बोर्डाकडे न जाता मशीनकडे गेले, कारण बोर्डाचं काही झालं असलं तरी चालणार होतं. बटण दाबलं. मशीनचा पडदा काळाच. काळाच. मग कोपऱ्यात एक छोटा आकडा आला, मग दुसरा, मग सगळा पडदा निळा झाला आणि मशीनने विचारलं: काम जिथे थांबलं तिथून सुरू करू?

मी हो दाबलं. सुई वर आली, एकदा थरथरली आणि ठकठकठक सुरू झाली.

मी ओरडले. नुसतंच ओरडले, कुठलाही शब्द नाही. आई घाबरून धावत आली आणि माझा चेहरा बघून तीही ओरडली. आम्ही एकमेकींचे दंड धरून उड्या मारल्या. फोनमधून बाबा "काय झालं? अवं, काय झालं? बोला ना कोणी!" असं ओरडत होते, आणि मशीन शांतपणे चादरीवर वेल काढत होती.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा फाटकात शेजारचे तिघं-चौघं जमले होते. ज्यांचं काही ना काही जळलं होतं ते सगळे. बाबांनी त्यांना रांगेने बोर्डासमोर नेलं आणि झाकण उघडलं. खिडकी हिरवी होती.

"हे देखो. मेन के बाजू में. तार सीधी. मोड़ एकदम नहीं चाहिए. अब सोचो, गली में बैल बिदक गया..."

मी आतून ऐकत होते. बैल माझाच, फक्त आता तो बराच मोठा झाला होता आणि त्याने वाटेत एक हातगाडीही उलटवली. कुणीतरी विचारलं, कौन सा लेना है, कितने वोल्ट का? तिथे बाबा अडले.

"ते आमच्या पोरीले विचारा," ते म्हणाले. "घेतला तिनं, बसवून घेतला तिनं. अवं, बाहेर ये."

मी गेले आणि बोलले. हळूच बोलले, पण सगळ्यांना ऐकू आलं, कारण सगळे गप्प उभे होते.

लोक गेल्यावर बाबा समोरच्या खोलीत आले. त्यांनी चप्पल काढली नव्हती. मशीन चालू होती. ते तिच्या बाजूने पुढे झाले. मग भिंतीकडे गेले आणि जिथे त्यांचा दिवाण आहे, ज्यावर ते दर रविवारी झोपतात, तिथे दोन्ही हात पसरून माप घ्यायला लागले. एकदा, मग एक पाऊल सरकून पुन्हा.

"हा दिवाण मागच्या खोलीत गेला," ते भिंतीशीच बोलले, "तर इथं अजून एक मशीन बसन काय?"

मी मोजून ठेवलेलंच होतं. "बसते," मी म्हटलं.